संशयाचा व्यापार आणि जनमत

महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे 16 फेब्रुवारी 2015 रोजी मुंबईत तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. ग्रामस्वच्छता अभियानामुळे 'आबा' या नावाने घराघरांत पोहोचलेला हा नेता तेव्हा अवघा 57 वर्षांचा होता. त्यानंतर पुरता दीड महिनाही लोटला नव्हता, तोच दिल्लीहून एक वृत्त आले. तंबाखूच्या वेष्टनांवरील सचित्र इशारा 85 टक्के भागावर छापण्याचा जो नियम 1 एप्रिल 2015 पासून अमलात यावयाचा होता, तो लोकसभेच्या एका समितीच्या शिफारशीवरून लांबणीवर टाकण्यात आला. समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्रातीलच, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारी पाहणी भारतात झालेली नाही, जे काही संशोधन आहे ते परदेशातले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. समितीच्या एका सदस्याचा तर स्वतःचाच विडीचा व्यवसाय होता. तथापि तो भाग तूर्त बाजूला ठेवू.

या विधानावर त्या वेळी बरीच टीका झाली, टिंगलही झाली. पण टिंगलीने प्रश्न सुटत नाही. वक्त्याने ते विधान प्रामाणिकपणे केले असेच धरून चालावे, कारण त्यामुळे प्रश्न सोपा न होता अधिक गंभीर होतो. एका जबाबदार लोकप्रतिनिधीच्या मनात हा संशय आला कोठून? तो त्याच्या मतदारसंघात उगवलेला नव्हता. त्याचे बी साठ वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे, न्यूयॉर्कच्या एका आलिशान हॉटेलात पेरले गेले होते. मत ही वस्तू आकाशातून पडत नाही. तिचेही उत्पादन होते, त्या उत्पादनाला खर्च येतो, तिची वाहतूक आणि वितरण होते आणि कोणी तरी तिचा नफा घेतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ग्राहकाची आवडनिवड 'दिलेली आहे' असे गृहीत धरून पुढे जाण्याची प्रथा आहे. ती 'दिली' कोणी, हे विचारण्याची प्रथा नाही.

न्यूयॉर्कमधली ती बैठक

सिगारेट उद्योगाला लोकांच्या मनाची मशागत करण्याची कला नवी नव्हती. एडवर्ड बर्नेज हा मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांचा भाचा. अमेरिकेतील स्त्रियांनी चारचौघांत सिगारेट ओढणे तेव्हा असभ्य समजले जाई. म्हणजे निम्मी बाजारपेठ बंदच. 1929 च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही प्रतिष्ठित तरुणींनी उघडपणे सिगारेटी शिलगावल्या आणि त्या सिगारेटी म्हणजे 'स्वातंत्र्याच्या मशाली' आहेत असे वृत्तपत्रांतून झळकले. स्त्रीमुक्तीचा तो उत्स्फूर्त उद्गार आहे असे वाचकांना वाटले. पडद्यामागे बर्नेज होता आणि त्याला मेहनताना देणारी एक सिगारेट कंपनी होती. येथे खरेदी झाली ती जाहिरातीच्या जागेची नव्हे, बातमीच्या जागेची. हा फरक बारीक वाटला तरी पुढील सारी कथा त्यावर उभी आहे.

1950 मध्ये इंग्लंडमध्ये डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, तर अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी, धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारी संशोधने प्रसिद्ध केली. 1953 च्या अखेरीस सिगारेटच्या धुरातील डांबर उंदरांच्या कातडीवर लावून कर्करोग निर्माण झाल्याचे वृत्त आले. (यांतील ग्रॅहम हे नामांकित शल्यविशारद स्वतः सिगारेटचे व्यसनी. त्यांनी पुढे ते सोडले, पण 1957 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा अंत झाला.) कंपन्यांच्या समभागांचे भाव घसरू लागले. डिसेंबर 1953 च्या मध्यास प्लाझा हॉटेलात प्रमुख सिगारेट कंपन्यांचे अध्यक्ष एकत्र जमले. एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक पळविण्यात गुंतलेली ही मंडळी. त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेला पाचारण केले.

त्या संस्थेचा प्रमुख जॉन हिल याचा सल्ला मोठा मुरब्बी होता. शास्त्रज्ञांना शिव्या देऊ नका, सिगारेट निरुपद्रवी आहे असेही छातीठोकपणे सांगू नका; आणखी संशोधन हवे असे म्हणा आणि त्या संशोधनाला पैसा तुम्हीच द्या. त्यानुसार 4 जानेवारी 1954 रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत 'सिगारेट ओढणाऱ्यांसाठी प्रांजळ निवेदन' या मथळ्याची पानभर जाहिरात झळकली. लोकांचे आरोग्य ही आमची सर्वांत मोठी जबाबदारी आहे असे तीत म्हटले होते. तज्ज्ञांत एकमत नाही असेही म्हटले होते आणि एका स्वतंत्र संशोधन समितीची घोषणा केली होती. समितीच्या शास्त्रीय विभागावर क्लॅरेन्स लिटल या नाणावलेल्या आनुवंशशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. हे गृहस्थ पूर्वी कर्करोगविरोधी संस्थेचेच कार्यकारी प्रमुख होते. देवळाचा पुजारीच आपल्या बाजूला असल्यावर भाविकांची समजूत काढावी लागत नाही.

या समितीने पुढे जे संशोधन केले ते सगळे खोटे होते असे नाही. त्यातले पुष्कळसे उत्तम होते. फक्त ते मूळ प्रश्नाच्या आसपास फिरत राहिले. आनुवंशिकता, हवेतील प्रदूषण, स्वभाव, विषाणू असे कर्करोगाचे जेवढे म्हणून संभाव्य कारण असेल तेवढे तपासावे आणि प्रत्येक अहवालाच्या शेवटी 'अंतिम निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल' असे लिहावे. 1969 मधील एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात हे धोरण विलक्षण स्पष्टपणे नोंदलेले आहे. आमचा खरा माल संशय हाच आहे, कारण लोकांच्या मनातील ज्ञात तथ्यांशी झुंजण्याचे तेच उत्तम साधन आहे, अशा आशयाचे ते टिपण होते.

तारखेचे अर्थशास्त्र

जिल्हा न्यायालयात ज्यांनी जमिनीचे दावे लढविले आहेत त्यांना हे तंत्र नवे वाटू नये. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला खटला जिंकण्याची गरज नसते. त्याला तारीख मिळाली की पुरे. प्रत्येक तारखेला एक पीक त्याच्या पदरात पडते. सिगारेट कंपन्यांनी जनमताच्या न्यायालयात अशाच तारखा मागितल्या, आणि त्या त्यांना मिळत गेल्या. 1953-54 मध्ये अमेरिकेतील सिगारेटचा खप किंचित उतरला. पण 'प्रांजळ निवेदना'नंतर तो पुन्हा चढू लागला आणि 1963 मध्ये दरडोई खपाने उच्चांक गाठला. सरकारच्या आरोग्यप्रमुखांचा अहवाल 11 जानेवारी 1964 रोजी प्रसिद्ध झाला. तो मुद्दाम शनिवारी जाहीर करण्यात आला, कारण त्या दिवशी शेअर बाजार बंद असतो. म्हणजे सरकारनेही कर्करोगाइतकीच बाजाराची काळजी वाहिली, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही. 1954 ते 1964 ही दहा वर्षे कंपन्यांनी विकत घेतली. संशोधनावर झालेला खर्च त्या दहा वर्षांच्या विक्रीशी ताडून पाहिला तर तो चिल्लरच म्हणावा लागेल.

संशयाचा हा व्यापार सोपा जातो, कारण त्याला शास्त्राच्याच सचोटीचा आधार मिळतो. खरा शास्त्रज्ञ कधीच शंभर टक्के खात्री देत नाही. संख्याशास्त्र समूहाबद्दल बोलते, एका माणसाबद्दल नाही. त्यामुळे 'आमचे आजोबा नव्वद वर्षांचे होईपर्यंत विडी ओढत होते, त्यांना काय झाले?' हा पारावरचा प्रश्न निरुत्तर करणारा वाटतो. आजोबांच्या बरोबरीचे जे पन्नाशीतच गेले ते पारावर बसून आपली बाजू मांडू शकत नाहीत, एवढेच.

आता पुन्हा 2015 मधील त्या विधानाकडे वळावे. भारतात पाहणी झाली नाही, असे म्हटले गेले. वस्तुस्थिती अशी की, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी संबंधित असलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी संघवी व राव यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड, घसा, अन्ननलिका या भागांचे कर्करोग यांच्या संबंधावरील आपले संशोधन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 1955 मध्येच प्रसिद्ध केले होते. 'प्रांजळ निवेदना'ला तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांच्या पथकाने देशाच्या निरनिराळ्या भागांत खेड्यापाड्यांतून घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. त्यांतील महाराष्ट्रातील पाहणीत तपासलेल्या ग्रामस्थांची संख्या होती 1,01,761. तिचे निष्कर्ष 1972 मध्ये छापले गेले. एक लाख खेडुतांच्या तोंडात बॅटरीचा झोत टाकून केलेले हे काम. 1975 मध्ये खुद्द संसदेने सिगारेटच्या पाकिटांवर वैधानिक इशारा सक्तीचा केला. इतके असूनही चाळीस वर्षांनी त्याच संसदेच्या समितीत 'भारतीय पाहणी कोठे आहे?' असा प्रश्न विचारला जातो. अज्ञान हे केवळ माहितीच्या अभावाने राहते असा आपला समज आहे. माहिती समोर असतानाही अज्ञान जोपासता येते, फक्त त्याला सतत खतपाणी घालणारा कोणी तरी लागतो.

समितीचा दुसरा मुद्दा मात्र असा झटकून टाकता येणार नाही. विडी कामगारांच्या पोटाचे काय, हा तो मुद्दा. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, विदर्भाचा पूर्व भाग येथे हजारो स्त्रिया मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. मजुरी हजारी विड्यांमागे. मालाची छाननी करताना वगळलेल्या विड्यांचा हिशेब कारखानदाराच्या मर्जीवर. त्यांच्या रोजगाराची चिंता खरी आहे आणि ज्यांना ती नाही त्यांनी तंबाखूबंदीवर व्याख्याने देऊ नयेत. परंतु ही चिंता कोणाच्या तोंडून येते तेही पाहिले पाहिजे. त्याच नगर जिल्ह्यातील संगमनेर-अकोले तालुक्यांतील विडी कामगारांच्या किमान वेतनाचा वाद 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो कामगारांनी नेला नव्हता. 1966 मध्ये विडी कामगारांना संरक्षण देणारा कायदा झाला, त्याच्या वैधतेलाही कारखानदारांनीच आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने तो 1974 मध्ये उचलून धरला. मजुरी वाढविण्याची वेळ आली की ज्यांचा धंदा बुडू लागतो, त्यांनाच इशाऱ्याचे चित्र मोठे करण्याची वेळ आली की कामगारांचा कळवळा येतो. कामगार स्त्रीचे फाटके लुगडे ढालीसारखे पुढे धरून लढण्याची ही रीत आहे.

बातमीचा भाव

उद्योगांनी घडविलेले हे तंत्र राजकारणाने उचलले नसते तरच नवल. त्याचे आपल्याकडील सर्वांत उघडे उदाहरण 2009 मध्ये महाराष्ट्रात घडले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. उमेदवाराला तेव्हा 10 लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी निवडणुकीनंतर दाखवून दिले की, तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कर्तृत्वाची वर्णने करणारी पानेच्या पाने मराठी दैनिकांत आली होती. त्यांनी जमा केलेली अशी पूर्ण पाने 47 होती. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत काही मजकूर तर शब्दशः एकच होता. त्यावर कोठेही 'जाहिरात' असा शब्द नव्हता. उमेदवाराच्या हिशेबात वृत्तपत्रांतील आणि केबल वाहिनीवरील जाहिरातींचा खर्च मिळून 11,379 रुपये दाखविला होता. ही पाने विकत घेतलेली नव्हती, असा खुलासा संबंधितांनी केला. निवडणूक आयोगाने जुलै 2014 मध्ये हिशेबाबाबत ठपका ठेवला, तर सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले आणि ते तसेच मानले पाहिजे. पण यातून कायद्याची मर्यादाही उघड झाली. जेथे पावती नाही तेथे व्यवहार नाही, असे कायदा म्हणतो. वाचकाने मात्र ती पाने बातम्या म्हणूनच वाचली होती.

प्रेस कौन्सिलने या 'पेड न्यूज'च्या चौकशीसाठी परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. 2010 मध्ये तिने वृत्तपत्रांची नावे घेऊन सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलने तो तसाच प्रसिद्ध न करता नावे वगळून एक आटोपशीर अहवाल काढला. मूळ अहवाल लोकांपुढे येण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला आणि 2011 साल उजाडावे लागले. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचा हा प्रकार, आणि तो वृत्तपत्रांच्या नीतीची राखण करणाऱ्या संस्थेकडून.

येथे सर्व दोष संपादकांच्या माथी मारणे सोपे आहे. पण अर्थव्यवहार निराळा आहे. वाचक दैनिकासाठी जी किंमत मोजतो तीत कागद आणि छपाईदेखील भागत नाही. उरलेला खर्च जाहिरातदार भरतो. म्हणजे दैनिक दोनदा विकले जाते. पहिल्या खेपेस अंक वाचकाला विकला जातो, दुसऱ्या खेपेस वाचकच जाहिरातदाराला विकला जातो. या दुसऱ्या गिऱ्हाइकाचे वजन साहजिकच अधिक. तालुक्याच्या गावच्या वार्ताहराची स्थिती तर आणखी बिकट. त्याला मिळणारे मानधन नाममात्र. खरी मिळकत जाहिराती मिळवून दिल्याबद्दलच्या कमिशनची. ज्या साखर कारखान्याच्या गळीत हंगामाची, ज्या बँकेच्या वर्धापनदिनाची आणि ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात त्याने आणावयाची, त्याच कारखान्याच्या, बँकेच्या आणि पुढाऱ्याच्या गैरव्यवहाराची बातमीही त्यानेच द्यावयाची. पाण्यात राहून माशाशी वैर करणारा एखादा निघतोही. परंतु संपूर्ण व्यवस्था अशा एखाद्याच्या भरवशावर चालविता येत नाही. ज्याच्यापाशी पैसा नाही असा अपक्ष शिक्षक उमेदवार किंवा शेतमजुरांचा कार्यकर्ता या बाजारात पराभूत होतो, असेही म्हणता येत नाही. तो तेथे दिसतच नाही. मतदाराने त्याला नाकारलेले नसते. तो उभा होता हेच मतदाराला कळलेले नसते.

अमेरिकेत या कथेचा शेवट न्यायालयात झाला. 1998 मध्ये 46 राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपन्यांनी पंचवीस वर्षांत दोनशे अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले आणि त्यांच्या दप्तरातील लाखो कागद लोकांना खुले झाले. 1969 चे ते टिपण आज कोणालाही वाचता येते ते या खटल्यांमुळेच. 2006 मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केल्याचा निर्णय देऊन तशा कबुलीची निवेदने वृत्तपत्रांत छापण्याचा आदेश दिला. त्या निवेदनांच्या मजकुरावर, अगदी शब्दाशब्दावर, अपिले होत राहिली. ती छापून येऊ लागली नोव्हेंबर 2017 मध्ये. कंपन्यांनी आणखी अकरा तारखा मिळविल्या, म्हणावयाचे.

आपल्याकडे 85 टक्क्यांचा नियम अखेर 1 एप्रिल 2016 रोजी लागू झाला. एक वर्षाची तारीख येथेही मिळालीच. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती 2012 मध्ये. त्यानंतर पानपट्टीवर दोन पुड्या शेजारी शेजारी लटकू लागल्या. एका पुडीत तंबाखूविरहित पानमसाला, दुसरीत नुसती तंबाखू. पहिलीची जाहिरात क्रिकेटच्या सामन्यात नामवंत नट करतात, कधी ती वेलदोड्याचीही असते, आणि तीत तंबाखूचे नावही नसते. दुसरीच्या जाहिरातीची गरज नसते. शाळेच्या फाटकापासून जवळच उभा असलेला गिऱ्हाईक दोन्ही पुड्या दातांनी फोडतो, तळहातावर एकत्र करतो आणि तोंडात टाकतो.